चित्राखालचं नाव

वाई, शुक्रवार रात्र.

गणपती बसायच्या आत दिवाळी अंकांची चित्रं हातावेगळी करायची, हे आमच्या धंद्याचं पंचांग. यंदाची गेली. एका अंकाचं गेल्या वर्षीचं मानधन अजून यायचंय. तरी त्यांनाही नाही म्हणवलं नाही. फ्रीलान्स म्हणजे मुक्त खरं, पण विजेचं बिल भरण्यातून मुक्ती नाही!

चित्रकार दीनानाथ दलालांनी यातून वेगळीच वाट काढली. १९१६ साली मडगावात जन्मलेले दलाल मुंबईत आले, त्यांनी स्वतःचा स्टुडिओ थाटला आणि १९४५ मध्ये ‘दीपावली’ अंक सुरू केला. कुंचला त्यांचा, संपादनही त्यांचंच. कोणतं चित्र कुठे, केवढं, कुठल्या रंगात छापायचं, हे ठरवायला वर कुणी नाही. आज त्यालाच आपण कलादिग्दर्शन म्हणतो. जेमतेम चौपन्न वर्षांचं आयुष्य, पण मराठी वाचकाला मुखपृष्ठ बघायची सवय लावून गेले. ती धमक माझ्यात नाही. मी कथा वाचतो, तिला न सांगता आलेलं शोधतो आणि तेवढंच काढतो.

आमच्या वाईजवळच्या मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात भित्तिचित्रं आहेत. लोक येतात, फोटो काढतात, नानांबद्दल विचारतात. चित्रं काढणाऱ्याबद्दल कुणी विचारत नाही. याच वाईत घडलेल्या मराठी विश्वकोशात मात्र नोंदीखाली लेखकाचं नाव छापायची रीत आहे.

संपादकहो, चित्राखालीही तेवढी जागा ठेवा. आणि मानधन काम सांगतानाच ठरवा.