वारुंजीची धांवपट्टी

साताऱ्याहून पुणें-बंगलोर रस्त्यानें दक्षिणेस निघालें म्हणजे उंब्रज मागें पडल्यावर थोड्याच वेळांत कऱ्हाड येतें. महाबळेश्वरीं उगवलेल्या कृष्णा आणि कोयना दोन निराळ्या खोऱ्यांतून फिरून येथें समोरासमोर भेटतात. त्या प्रीतिसंगमावर उतरल्यावांचून पुढें जावयाचें नाहीं, हा आमच्या घरचा आजीपासूनचा शिरस्ता. गेल्या दिवाळींत सांगलीस थोरल्या बंधूंकडे जातांना मात्र चिरंजीवांनीं संगमाआधींच मोटार पाटणच्या रस्त्याला वळवावयास लाविली. वारुंजीजवळचें विमानतळ इंग्रजांनीं महायुद्धांत वैमानिक शिकविण्यासाठीं बांधलें, असें त्यांनीं कोठेंसें ऐकिलें होतें.

गोष्ट अगदींच असंभाव्य नव्हे. पुण्याजवळ लोहगांवचें तळ १९३९ सालीं इंग्रजी हवाईदलानेंच उभारिलें. कोल्हापुरास राजाराम महाराजांनीं त्याच सुमारास उजळाईवाडीचें विमानतळ करविलें. हिंदी तरुणांना विमान चालविण्याचे धडे मिळत ते मात्र दूर, बेगमपेठ, जोधपूर आणि अंबाला येथें. आमच्या सातारा जिल्ह्यांतून पायदळांत गेलेल्यांची गणती मोठी. अपशिंगे या गांवाला तर ‘मिलिटरी’ हें उपपदच चिकटलें. पण विमान शिकविण्याचें तळ या जिल्ह्याच्या वांट्यास आलें नाहीं. वारुंजीची धांवपट्टी १९५५ सालची. सार्वजनिक बांधकाम खात्यानें ती केली ती कोयना धरणाच्या कामाची सोय व्हावी म्हणून.

चिरंजीव हिरमुसले. मला मात्र ही खरी हकीकतच अधिक मोलाची वाटली. कृष्णेकडे, म्हणजे पूर्वेस वाहणारें पाणी अडवावयाचें, सह्याद्रीच्या पोटांतून पश्चिमेस न्यावयाचें आणि कोंकणच्या बाजूस खालीं सोडून त्यावर वीज काढावयाची, असा तो अचाट बेत. त्याकरितां १०३ मीटर उंचीचें धरण बांधावयाचें होतें. आज त्या शिवसागरांत सुमारें १०५ टीएमसी पाणी मावतें. एवढ्या कामाला मुंबईहून माणसें घाटाच्या रस्त्यानेंच आणीत बसणें परवडणारें नव्हतें. म्हणून ही पट्टी.

युद्धाशीं कऱ्हाडचा संबंध आला तो निराळ्याच वाटेनें. १९४२ च्या चळवळींत याच जिल्ह्यांत भूमिगत राहिलेले यशवंतराव चव्हाण पुढें देशाचे संरक्षणमंत्री झाले, आणि १ सप्टेंबर १९६५ रोजीं छांबच्या आघाडीवर हवाईदल उतरविण्यास संमति दिली ती त्यांनींच. त्यांची समाधि संगमावर आहे.

कुंपणापाशीं उभे राहून आम्हीं पाहिलें. एका अंगास डांबरी पट्टी, दुसऱ्या अंगास तोडणीला आलेला ऊंस. मध्यंतरीं ही पट्टी लांबविण्याची योजना निघाली, तेव्हां बागायत जमीन जाणार म्हणून आसपासच्या गांवांनीं कडवा विरोध केला. विमानें हवींत असें म्हणणारे बहुधा शहरांत राहतात. मी त्यांतलाच एक, हें कबूल केलें पाहिजे. सांगलीकरांनाही विमान हवें आहे. त्यांच्या कवलापूरची जुनी धांवपट्टी कित्येक वर्षें ओस पडलेली.

रात्रीं जेवणें झाल्यावर ही हकीकत बंधूंच्या माजघरांत निघाली. आमची आत्या आतां नव्वदीच्या घरांत आहे. तिचें सासर कोयनेच्या खोऱ्यांतलें. भाताचीं खाचरें, घर, देऊळ, सारें शिवसागरांत गेलें. धरणाविषयीं ती सहसा बोलत नाहीं. त्या रात्रीं मात्र चिरंजीवांच्या तोंडून विमानतळाचें नांव ऐकून तिनें सुपारी कातरणें थांबविलें.

“ते इंजिनिअर विमानांतून यावयाचे होय? आम्हीं बैलगाड्यांनीं निघालों. पितळेचीं भांडीं तेवढीं घेतलीं. तुळशीवृंदावन तसेंच राहिलें.”

वहिनी म्हणाल्या, “आत्याबाई, आतां त्याचें काय!”

“काय म्हणजे? कांहीं नाहीं.” मग जरा थांबून तिनें मला विचारिलें, “अरे, पाणी नितळ असलें म्हणजे विमानांतून तळचें दिसतें कां रे?”

मीं दिसत नाहीं म्हणून सांगितलें. ती पुन्हा सुपारी कातरूं लागली.