ओट्याची पट्टी आणि ग्लू गन

ग्लू गन आता घराघरात पोचलीय. पोरांचे शाळेचे प्रोजेक्ट, गणपतीची आरास, तुटलेली चप्पल (दोन दिवस टिकते, जास्त आशा ठेवू नका). पण ग्रॅनाईटचे ओटे करणारे मिस्त्रीही ती वापरतात आणि नीट वापरली तर फार कामाची आहे, हे मला ह्या मे महिन्यापर्यंत माहीत नव्हतं. नीट नाही वापरली तर काय होतं, ते आधी कळलं.

आमचं घर बारामती-इंदापूर रस्त्यावर, निमगाव केतकीच्या अलीकडे. चार वर्षांपूर्वी ओटा नवा केला. आठ फूट लांब, दोन फूट रुंद, काळा ग्रॅनाईट. कड जाड दिसावी म्हणून पुढच्या बाजूला खालून दोन इंची पट्टी चिकटवतात. डबल पट्टी म्हणतात तिला. एका दुपारी आई भाकऱ्या उरकून बाहेर येऊन टेकली आणि दहाएक मिनिटांत आत धाडकन आवाज. अख्खी पट्टी खाली! मी नंतर हिशोब करून बघितला (इंजिनियर माणूस, दुसरं काय करणार?). १८ मिलीमीटर जाडी, ग्रॅनाईटचं वजन पाण्याच्या साधारण २.७ पट, म्हणजे ती पट्टी जवळजवळ सहा किलोची. दहा मिनिटं आधी सुटली असती तर आईच्या पायावरच येत होती.

वीकांताला घरी गेलो तेव्हा तुकडे उलटे करून बघितले. दर फुटावर रुपयाएवढा एक ठिपका. पांढरट, रबरासारखा, नखाने निघणारा. ॲराल्डाइटचा पत्ताच नाही. म्हणजे ग्लू गनने पट्टी नुसती धरून ठेवली होती आणि खरं चिकटवायचं काम राहूनच गेलं होतं. आमच्या धंद्यात ह्याला वर्कअराउंड म्हणतात. तात्पुरता म्हणून टाकलेला कोड चार वर्षं प्रॉडक्शनवर सुखाने चालतो आणि मग एका दुपारी... असो. तो मिस्त्री कोण, कुठला, ते लिहीत नाही. मला त्या ठिपक्यांचंच जास्त कुतूहल होतं. एवढे दिवस टिकले कसे, आणि सुटले का?

ग्लू गनची कांडी म्हणजे मुख्यतः ईव्हीए नावाचं प्लास्टिक, त्यात चिकटपणासाठी राळेसारखं रेझिन आणि थोडं मेण. पाणी नाही, थिनर नाही. फेव्हिकॉलमधलं पाणी लाकूड पिऊन टाकतं, म्हणून तो वाळतो. ग्रॅनाईट काही पाणी पीत नाही, त्यामुळे तिथे फेव्हिकॉलचं काम नाही. ग्लू मात्र वितळतो, थंड होतो, झालं. अर्ध्या-एका मिनिटात पक्का. पण उष्णतेने वितळणारी गोष्ट उष्णतेने मऊही होणारच की! पंचाहत्तर-ऐंशी अंशांच्या आसपास तो पार ढिला पडतो. त्याच्या खूप आधी, चाळीस अंशांतही, सतत वजन लोंबत राहिलं तर हळूहळू सरकत जातो. दिसत नाही, पण सरकतो. इंदापूरचा मे महिना आणि वर भाकरीचा तवा. बिचाऱ्याने चार उन्हाळे काढले, पाचव्याला हात सोडला.

दुसरी भानगड दगडाची. ग्रॅनाईट उष्णता ओढतो, प्लायच्या दहा-वीसपट वेगाने. गरम ग्लू गार दगडावर पडला की त्याचा तळ लगेच गोठतो. दगडाला नीट भिडायच्या आतच. वरून दिसायला चिकटलेला, प्रत्यक्षात नुसता बसलेला. म्हणूनच तो नखाने निघत होता.

आता घाई अशी की आषाढात तुकाराम महाराजांची पालखी ह्याच रस्त्याने जाते. बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर. त्या दिवसांत आमच्याकडे वारकऱ्यांसाठी भाकऱ्यांच्या चळती लागतात आणि निम्म्या आळीतल्या बायका ह्या ओट्याला टेकून उभ्या असतात. पायांची संख्या वाढणार होती, थोडक्यात. बारामतीचा एक मिस्त्री बोलावला आणि तो पिशवीतून सामान काढतोय तोवर मी म्हटलं, "मिस्त्री, ग्लू गन नको हां."

तो हसला. "दादा, मग ही पट्टी रात्रभर सरळ कोण धरणार? तुम्ही?"

मग त्याने करून दाखवलं. नवी पट्टी आणि ओट्याची खालची बाजू, दोन्ही ग्राइंडरने खरवडून, धूळ पुसून कोरडी केली. सांध्यात टोकापासून टोकापर्यंत ॲराल्डाइट, कुठे खंड नाही. वर-खाली लाकडाचे तुकडे ठेवून क्लॅम्प आवळले. गंमत इथे आहे. ओलं ॲराल्डाइट तेलासारखं निसरडं असतं, क्लॅम्प आवळला की पट्टी पुढे-मागे घसरते आणि तोंड जुळत नाही. म्हणून त्याने आधी दर्शनी बाजूला, सांध्यावर उभे, प्लायचे दोन-दोन इंची तुकडे ग्लूने लावले. पट्टी त्यांच्यात अडकली. "हा वजन घेत नाही दादा. हा फक्त हलू देत नाही. वजन क्लॅम्पवर, आणि उद्यापासून ॲराल्डाइटवर."

त्याची गन १०० वॉटची, कांडी ११ मिलीमीटरची. माझ्याकडची २० वॉटची, ७ मिलीमीटरवाली बघून तो काही बोलला नाही, पण चेहऱ्यावर कळलं. छोट्या गनमधून ग्लू इतका सावकाश येतो की ठिपका पुरा होईतो पहिला भाग गार. शिवाय ग्लू लावायच्या आधी त्याने हॉट एअर गन फिरवून दगड कोमट केला. हाताला ऊब लागेल इतकाच, गॅसची ज्योत अजिबात नाही. एकाच जागी तापवलेला दगड तडकू शकतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आला. मला वाटलं, आता हातोडी. त्याने छोट्या बाटलीतून स्पिरिट काढलं, दवाखान्यात इंजेक्शनआधी कापसाने लावतात तेच. ग्लूच्या कडेने दोन-चार थेंब, मिनिटभर थांबला आणि पत्र्याची पट्टी सरकवल्यावर तुकडा टक् करून निघाला. स्पिरिट ग्लू आणि दगडाच्या मधे शिरतं आणि पकड सोडवतं. पॉलिशला ओरखडा नाही. ॲराल्डाइटला एवढ्याने काही होत नाही.

तिथून तो इंदापूरला काकांच्या नव्या घराचं माप घ्यायला निघाला, मीही गाडीवर मागे बसलो. मला वाटलं टेप लावेल. त्याने प्लायच्या तीन इंची पट्ट्या भिंतीलगत ठेवल्या आणि एकमेकींवर येतील तिथे ग्लूने जोडल्या. ओट्याच्या आकाराची चौकटच तयार. आपल्या भिंती कधीच गुण्यात नसतात. काकांच्या कोपऱ्यात आठ फुटांत पाऊण इंचाचा फरक निघाला आणि काकू बांधकामवाल्याच्या नावाने सुरू झाल्या. टेपने माप घेऊन काटकोनात दगड कापला असता तर मागे तेवढी फट राहिली असती. इथे चौकट उचलायची, बारामतीला न्यायची, दगडावर ठेवून आखायचं. फक्त ती उन्हात टेम्पोवर टाकायची नाही, सांधे सरकतात. त्याने चौकटीला एक तिरकी पट्टी मारली आणि तिन्ही कोपऱ्यांत पेन्सिलीने आरपार खुणा केल्या. सरकलं तर खुणा जुळणार नाहीत, लगेच कळेल.

तुमच्या ओट्याला डबल पट्टी असेल तर एकदा वाकून, मोबाईलचा टॉर्च लावून सांधा खालून बघा. सलग, कडक, नखाला दाद न देणारी रेघ दिसली तर उत्तम. मधे फटी आणि पांढरे, रबरी ठिपके दिसले तर मिस्त्रीला फोन करा, आणि तो येईपर्यंत भाकऱ्या थोडं मागे उभं राहून थापा.