गाठ माझ्याशी आहे

निवृत्त माणसाने काय करू नये, याची एक यादी कुणीतरी छापायला हवी. तिच्यात पहिला क्रमांक क्वांटम भौतिकीला द्यावा. मराठीत तिला पुंजभौतिकी म्हणतात, पण तेवढ्याने ती सोपी होत नाही. मी जन्मभर बँकेत खतावण्या जुळवल्या. पाच पैशांचा फरक आला तरी रात्री नऊपर्यंत तो शोधत बसायचो. आणि आता वाचनालयातून आणलेलं पुस्तक मला सांगतं की, इलेक्ट्रॉन नेमका कुठे आहे आणि नेमक्या किती वेगाने चाललाय, ही दोन्ही उत्तरं एकदम मिळणारच नाहीत! आमच्या ऑडिटरला मी असं सांगितलं असतं तर?

पण खरा घोटाळा पुढच्या प्रकरणात झाला. तुम्ही-आम्ही स्वतःभोवती एक गिरकी घेतली की होतो तसे उभे राहतो. इलेक्ट्रॉनचं तसं नाही. एका पूर्ण फेऱ्यात त्याच्या तरंगाचं चिन्ह पालटतं, अधिकाचं उणे होतं. मूळ पदावर यायला त्याला त्याच दिशेने दुसरा फेरा लागतो. हे नुसतं कागदावरचं नव्हे, १९७५ साली न्यूट्रॉनवर प्रयोग करून ते पडताळून पाहिलेलं आहे.

याची कल्पना यायला प्रयोगशाळा लागत नाही, हात आणि वाटी पुरते. तळहातावर वाटी ठेवायची आणि ती आडवी न होऊ देता काखेखालून एक पूर्ण फेरा द्यायचा. वाटी होती तशी येते, पण कोपर आढ्याकडे बघतं आणि हात पिळवटून निघतो. मग थांबायचं नाही. त्याच दिशेने, डोक्यावरून, दुसरा फेरा. हात आपसूक सरळ!

मी हा प्रयोग गॅलरीत केला. वाटीत आमटी होती, कारण रिकाम्या वाटीने आपला आपल्यालाच विश्वास पटत नाही. पहिला फेरा उत्तम झाला. दुसऱ्या फेऱ्यात, डोक्यावरून येताना, हात मनीप्लँटच्या टांगणीला लागला आणि टांगणी, कुंडी, माती आणि आमटी असा सगळा पसारा एकाच वेळी, अचूक जागी आला.

ती टांगणी साधी नव्हती. १९८२ साली मॅक्रमेची लाट आली होती. घरोघरी दोरीची घुबडं लटकत होती. आमच्या हिनेही दुपारचा क्लास लावला आणि पहिली वस्तू केली ती ही टांगणी. आई तेव्हा म्हणाली होती, "आमच्याकडे याला शिंकं म्हणतात आणि त्यात दही ठेवतात." मीही हसलो होतो. नायलॉनची दोरी चाळीसेक वर्षं उन्हात तापून जीर्ण झाली होती, हे खरं. पण शेवटचा धक्का माझा.

ही चिडली असती तर बरं झालं असतं. तिने खाली वाकून दोरीचा तुकडा उचलला, स्वतःच्या बोटांकडे पाहिलं आणि म्हणाली, "आता कुठली व्हायला परत?" संधिवाताने तिची पेरं सुजलेली असतात. सकाळी पोळ्यांचा डबासुद्धा मीच उघडून देतो. ते रोज करत असूनही मला त्या क्षणापर्यंत त्याचा अर्थ कळला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी दोरीचं बंडल घेऊन आलो.

"डावी मधल्या दोघींवरून न्या. उजवी तिच्यावरून खाली, मधल्या दोघींच्या मागून, आणि डावीच्या फासातून वर. ओढा. आता हेच उजवीकडून."

मी उजवीकडून विसरलो आणि डावीकडूनच करत गेलो. दोरी जिन्यासारखी पिळत गेली. "दुसरी उलटी घेतली तरच गाठ सपाट बसते," ही म्हणाली. मी म्हटलं, "इलेक्ट्रॉनमध्ये दोन्ही फेरे एकाच दिशेने असतात." "मग त्याच्याकडून करून घ्या."

चार दिवस मी बांधत होतो आणि सोडत होतो. सूरगाठ एका झटक्यात सुटते. माझ्या सगळ्या निरगाठी. धीर होता तो केल्विनसाहेबांचा. १८६७ साली या थोर शास्त्रज्ञाने मांडलं होतं की, अणू म्हणजे सर्वव्यापी ईथरमधली भोवऱ्यांची कडी आणि गाठी. त्याचा मित्र टेट मग गाठींचे तक्ते करत बसला. पुढे ईथरच निकालात निघालं. पण गाठींचं गणित टिकलं. १९८४ मध्ये जोन्सने गाठी ओळखायची नवी बहुपदी शोधली, १९८९ मध्ये विटेनने तिचं नातं क्वांटम सिद्धांताशी दाखवलं आणि १९९० मध्ये दोघांनाही गणितातलं फील्ड्स पदक मिळालं. म्हणजे चुकून घातलेली गाठसुद्धा वाया जात नाही.

आणखी एक गोष्ट मला कळली, ती कुठल्या पुस्तकातली नव्हे. बांधण्यापूर्वी दोरी तोलली आणि बांधल्यावर तोलली, तर वजन तेवढंच. गाठ नावाची वस्तूच नसते. असतं ते फक्त दोरीचं वळण. आणि वळण एका हातातून दुसऱ्या हाताला लागू शकतं.

पाचव्या दिवशी टांगणी झाली. डावीकडे किंचित कलते. हिने तिच्यावरून सुजलेलं बोट फिरवलं, एका गाठीपाशी थांबली आणि म्हणाली, "ही माझ्यासारखी आलीय."

मग आत जाता जाता वळून म्हणाली, "पुन्हा इथे आमटी फिरवलीत ना, तर गाठ माझ्याशी आहे."

म्हटलं, ती पडून ४७ वर्षं झाली. निरगाठ आहे.