हत्तींचा फ्रॉक

चित्रांच्या कापडाचा फ्रॉक बेतणे साध्या कापडाइतके सोपे नसते. चित्रे एकाच दिशेने उभी असली, तर कागदी नमुन्याचे तुकडे उलटसुलट मांडून कापड वाचवता येत नाही. सांगलीतील एका आजींची अडचण मात्र वेगळीच होती. नातीसाठी आणलेल्या कापडावर हत्तींच्या रांगा होत्या आणि मुंढ्याची गोलाई नेमकी हत्तींच्या मानांवरून जात होती. त्यांनी कात्री खाली ठेवली.

“आई, कापडच आहे ते,” सून म्हणाली.

“यशोधर राजाचा कोंबडाही पिठाचाच होता.”

सोमदेवसूरींनी इ. स. 959 मध्ये पूर्ण केलेल्या ‘यशस्तिलकचंपू’त ही कथा विस्ताराने येते. पिठाच्या कोंबड्याचा बळी दिल्यामुळे राजाला व त्याची माता चंद्रमती हिला पशुपक्ष्यांचे जन्म भोगावे लागले. कारण हात पिठावर चालला तरी संकल्प वधाचा होता. फ्रॉक शिवणाऱ्याच्या मनात असा संकल्प कोठून असणार? शास्त्रार्थाने पाहता सुनेचेच पारडे जड. तरीही आजींचा हात धजेना, आणि सुनेनेही, हे विशेष, हट्ट धरला नाही.

मार्ग बेतण्यातच निघाला. बाह्या आणि योक साध्या पिवळ्या कापडाचे. योक बगलेच्या खाली उतरवला. घेर हत्तींचा, कारण चुण्यांचा घेर म्हणजे सरळ आयत. कात्री दोन रांगांमधील बोटभर जागेतून गेली. काठाशी छपाईतच अर्धवट राहिलेले हत्ती आजींनी शिवणीच्या आत घेतले.