अंगठा काय सांगतो

मावळात ऑपरेशनआधी पेशंटला तपासताना भूलतज्ज्ञ म्हणून मी एक प्रश्न हमखास विचारते: "पॉलिहाउसमध्ये कामाला जाता का? फवारणी शेवटची कधी केली?" तळेगावच्या फ्लोरिकल्चर पार्कपासून पवन मावळापर्यंत गुलाबाची पॉलिहाउस उभी आहेत. ॲपेंडिक्सचा आणि गुलाबाचा काय संबंध, असं नातेवाइकांना वाटतं. संबंध फवारणीतून येतो: ऑर्गॅनोफॉस्फेट जातीची कीटकनाशकं रक्तातलं कोलिनेस्टरेज हे विकर निकामी करतात. श्वासनलिकेत झटपट ट्यूब घालता यावी म्हणून आम्ही देतो ते स्कोलीन याच विकरामुळे मोडतं. एरवी पाच-दहा मिनिटांत उतरणारा त्याचा परिणाम मग तासन्‌तास रेंगाळू शकतो. काही घराण्यांत हे विकर जन्मतःच सदोष असतं. म्हणून पुढचा प्रश्न: "घरात कुणाला ऑपरेशननंतर बराच वेळ व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं होतं का?"

स्कोलीन हे रिलॅक्संट, म्हणजे स्नायू सैल करणारं औषध. २३ जानेवारी १९४२ रोजी मॉन्ट्रियलमध्ये हॅरॉल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन यांनी दक्षिण अमेरिकेतल्या बाणांच्या विषातलं क्युरारे भुलीसोबत वापरलं आणि ही औषधं रुळली. पोट सैल पडलं की सर्जनला नीट काम करता येतं, भूलही कमी लागते. पण रिलॅक्संट झोप आणत नाही, वेदनाही थांबवत नाही. अमेरिकेतल्या स्कॉट स्मिथ या डॉक्टरने पूर्ण शुद्धीत क्युरारे टोचून घेतलं. तो अनुभव १९४७ साली प्रसिद्ध झाला. शरीर पूर्ण लुळं पडलं होतं, पण त्याला सगळं ऐकू येत होतं, कळत होतं. (भातखाचरात नाग चावून लुळा पडलेला माणूसही असाच ऐकत असू शकतो. नागाचं विष क्युरारेच्याच जागी जाऊन बसतं. त्याच्या खाटेजवळ जपून बोलावं.)

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती ऑपरेशन संपताना. टाके पडले, पेशंटने डोळे उघडले, श्वास सुरू झाला. सगळ्यांना वाटतं, झालं. पण रिलॅक्संट उतरताना श्वासपटल लवकर सावरतं, घशाचे स्नायू मागे राहतात. असा पेशंट श्वास घेतो, पण त्याला गिळता येत नाही, जीभ मागे पडते, थुंकी फुप्फुसात उतरू शकते. नळीतून प्राणवायू चालू असेल तर ऑक्सिजनचा आकडाही काही काळ चांगलाच दिसतो. "पाच सेकंद डोकं उचलून धरा" ही जुनी परीक्षा असा पेशंट पास होऊ शकतो.

म्हणून अंगठा पाहायचा. मनगटाजवळच्या अल्नर नसेला दोन सेकंदांत चार हलके विद्युत झटके द्यायचे. प्रत्येक झटक्याला अंगठा आत वळतो. चौथी हालचाल पहिल्या हालचालीच्या किमान ०.९ पट हवी. पूर्वी ०.७ पुरेसं मानत. हे प्रमाण ०.४च्या वर गेलं की चौथी हालचाल दुबळी आहे हे अनुभवी हातालाही बहुधा कळत नाही. ०.४ ते ०.९ या पट्ट्यात बोटांवर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. तिथे मोजणारं यंत्रच लागतं. छोट्या हॉस्पिटलांत ते 'नंतर घेऊ' म्हणून राहून जातं, याची मला खंत आहे. सर्जनची पुढची केस थांबली असेल तरी चालेल, आकडा ०.९पर्यंत येऊ द्यावा.

उतारा असतोच की, असं कुणी म्हणेल. पण निओस्टिग्मिन काम करायला दहाएक मिनिटं घेतं, आणि शिथिलता खोल असेल तर पुरं पडत नाही. सुगामाडेक्स झपाट्याने काम करतं, पण फक्त रोक्युरोनियम आणि व्हेक्युरोनियम या रिलॅक्संटवर, आणि त्याचा डोसही शिथिलता किती खोल आहे हे पाहूनच ठरतो. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बाईला ते दिलं असेल, तर पुढचे सात दिवस दुसरा उपायही वापरायला सांगावं लागतं.

लोणावळ्याच्या पावसाळ्यात थिएटर गार पडतं, पेशंटचं अंगही गार पडतं आणि ही औषधं उतरायला वेळ लागतो. म्हणून त्याला पांघरूण घालून उबेत ठेवते. रात्री पेशंट पुण्याला हलवायचा असेल आणि आकडा ०.९ला पोचला नसेल, तर ट्यूब काढायची नाही. भूल चालू ठेवून, व्हेंटिलेटरसह, भूलतज्ज्ञाने सोबत जायचं.