पाइपाच्या कडेने

शिष्यवृत्तीच्या अर्जाचा तो शेवटचा दिवस. मोबाईलवरून अर्ज भरताना गाडी उत्पन्नाच्या दाखल्यापाशी दोनदा अडली होती. म्हणून ग्रंथालयातल्या संगणकाचा आसरा घेतला. पण 'जोडणी नाही' एवढेच तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. अर्ज चुकला असता, तर वर्षाची फी आबांना कुठून तरी उसनी आणावी लागली असती. आणि ग्रंथालय साडेपाचला बंद होते.

आम्हा कला शाखेवाल्यांना अशा वेळी एकच उपाय ठाऊक : बंद करून पुन्हा चालू करणे. तो मी तीनदा केला. मागची वायर काढून बसवली. तिथला हिरवा दिवा तर लुकलुकत होता. मित्राने शिकवलेला 'पिंग' आठवला. १२७.०.०.१ ला हाक मारली, लगेच ओ आली. मी हरखलो. मग ध्यानात आले, की तो तर संगणकाचा स्वतःचाच पत्ता. बिचाऱ्याने स्वतःलाच ओ दिली होती!

'आयपीकॉन्फिग' करून पाहिले, तर पत्ता १६९.२५४ ने सुरू होत होता. नेटवर्कवर येणाऱ्या यंत्रांना पत्ते वाटणारा एक सर्व्हर असतो. त्याचे उत्तर आले नाही, की संगणक असा पत्ता आपल्या मनानेच घेतो. दारावर पाटी तर लागते. पण त्या पत्त्यावर बाहेरचे पत्र येणार कसे?

हताश होऊन बसलो आणि आबा आठवले. शेतात पाणी आले नाही, की ते तोटीशी खटपट करत बसत नाहीत. पाइपाच्या कडेने विहिरीकडे चालू लागतात. "पानी हितं अडत न्हाई, मागं कुठंतरी अडतं," हे त्यांचे शास्त्र.

मी उठलो आणि वायरीच्या कडेने निघालो. टेबलाखालून, भिंतीलगत, संदर्भग्रंथांच्या कपाटामागून ती वर चढत होती.

"काय हरवलं रे?" ग्रंथालयातल्या मामांनी विचारले. सांगताच त्यांनी शिडी आणली.

कपाटावर धुळीत एक लहानशी पेटी होती : स्विच. माझ्या संगणकाच्या वायरीचा दिवा लागलेला. ऑफिसकडे जाणारीचा मात्र विझलेला. तिच्या टोकाची प्लास्टिकची खिट्टी तुटली होती. नुकतेच रंगकाम झाले होते, तेव्हा धक्का लागून ती निसटली असावी. दाबून बसवली, दिवा लागला. खाली येऊन पाहतो, तो पत्ता १९२.१६८ ने सुरू होणारा! मामांनी वर चिकटपट्टी लावली आणि पाच वाजून दहा मिनिटांनी माझा अर्ज गेला.

दोन वर्षे मी समजत होतो, की शेतावरचे शिक्षण कॉलेजच्या फाटकाबाहेर ठेवूनच आत यायचे असते.

रात्री आबांना फोनवर सारे सांगितले. सर्व्हर, स्विच त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"सांधा निसटला व्हता म्हन की," ते म्हणाले. "मग, आलं का पानी?"

"आलं, आबा."