काठाचं काम

वेळणेश्वरला आमच्या वाडीतून शाळेत जायचं तर वहाळ ओलांडावा लागे. मे महिन्यात त्याला वहाळ म्हणायलाही लाज वाटावी, दगडांमधून करंगळीएवढं पाणी कसंबसं वाट काढत असे. जुलैत तोच लाल होऊन, ओंडके आणि माडाच्या झापा घेऊन समुद्राकडे धावायचा, आणि त्याच्या आवाजात देवळातली घंटाही ऐकू येत नसे. त्याच्यावर साकव होता. जुन्या माडांचे दोन सोट, त्यांवर पोफळीच्या चिरफळ्या आडव्या, सुंभाने आवळलेल्या, आणि धरायला एका बाजूने बांबू. डोक्यावर इरलं, काखेत दप्तर, आणि पायाखाली बुळबुळीत पोफळ. शाळेला उशीर झाला की गुरुजी पहिला प्रश्न विचारत, "साकव आहे ना?" साकव आहे म्हटलं की छडी.

दर वर्षी वैशाखात साकव नवा व्हायचा. वाडीचं काम, घरटी एक माणूस. आजोबांच्या शब्दावर सगळं चाले, आणि आजोबा पहिले दोन दिवस माडाला हातच लावू देत नसत. दोन्ही काठांचे चिरे उपसायचे, मागची माती काढायची, खालचा कातळ लागेपर्यंत जायचं, मग चिरे पुन्हा बसवायचे, आणि तेही पाण्याच्या कडेपासून चांगले दोन हात मागे. माणसं कुरकुरत. एवढं मागे गेलं की सोट लांब लागतो, लांब सोट जड होतो. आजोबा म्हणत, "कडेचा काठ वहाळाचा. आपला काठ दोन हात मागे." तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत साकव उभा.

सोट पलीकडे न्यायची रीत मात्र आम्हा पोरांना फार आवडायची. खाली गोल ओंडके घालून सोट पुढे ढकलायचा. पुढचं टोक वहाळावर अधांतरी जाऊ लागलं की मागचं उचललं जायचं. मग हाक यायची, "पोरांनू, बसा!" आम्ही सात-आठजण मागच्या टोकावर ओळीने बसायचो. माड पुढे सरके तसे आम्हीही मागे सरकायचो. पलीकडे दोघे दोर घेऊन उभे असत. टोक त्यांच्या हाती लागलं की आमचं काम संपलं, उठा आणि समुद्रावर जा.

पुढे अठ्ठावीस वर्षं मी हेच केलं. फक्त माडाच्या जागी लोखंड होतं.

चिपळूणला कॉलेजात गेलो ते एसटीच्या पासावर आणि मामांच्या घरच्या जेवणावर. पदार्थविज्ञानाच्या सरांनी फळ्यावर एक आडवी रेघ काढली, तिच्याखाली टेकूचा त्रिकोण काढला आणि सांगितलं, वजन गुणिले अंतर. दोन्ही बाजूंचा गुणाकार सारखा झाला की पट्टी आडवी राहते. मी वहीत उतरवलं आणि मनात म्हटलं, हे तर आम्ही बसून केलंय. एवढ्यावर बीएस्सी व्हायला हरकत नव्हती. पण दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर घरची परिस्थिती अशी झाली की वडिलांनी पुढचं शुल्क कुठून आणायचं हे न विचारणं बरं. कॉलेजने मला मोजकं दिलं, पण दिलं ते उपयोगी पडलं. एवढंच त्याबद्दल. १९८१ साली मी खडकीला भरतीच्या रांगेत उभा राहिलो.

खडकीचं ते केंद्र बॉम्बे सॅपर्सचं. या पलटणींची परंपरा १८२० पासून मोजतात. सॅपर म्हणजे फौजेचा गवंडी, सुतार, लोहार, सुरुंगवाला आणि वेळ आली तर बंदूकवालाही. इंजिनिअर कोअरचं ब्रीद 'सर्वत्र' असं एकाच शब्दाचं आहे. आमचे उस्ताद त्याचा अर्थ सांगायचे की चिखल जिथे असेल तिथे तुम्ही असणार. रंगरूटांत कोल्हापूर-साताऱ्याचे मराठे होते, पंजाबचे शीख होते. कोकणातले आम्ही थोडे. पण मुळा नदीवर पाण्याचं शिक्षण सुरू झालं आणि माझा भाव वाढला. पोहणं मला कोणी शिकवलं नव्हतं, ते यायचंच. उस्तादांनी विचारलं, "दर्याका है क्या?" त्या दिवसापासून पलीकडच्या काठावर पहिला दोर घेऊन कोण जाणार, हे ठरून गेलं.

बेली ब्रिजबद्दल थोडं सांगितलंच पाहिजे, कारण माझं आयुष्य त्यात गेलं. १९४० साली डोनाल्ड बेली नावाच्या इंग्रज इंजिनिअरने तो कल्पिला, आणि १९४२ च्या अखेरीस तो उत्तर आफ्रिकेच्या रणांगणावर होता. त्याचं मर्म असं की मोठी क्रेन नको, कुशल कारागीर नकोत, साध्या लॉरीत मावतील आणि माणसांच्या हातांनी उचलता येतील एवढेच तुकडे. मुख्य तुकडा म्हणजे पॅनल. दहा फूट लांब, पाच फूट उंच, वजन सुमारे २६० किलो, आणि उचलायला सहा माणसं. एका पॅनलच्या टोकाला एक कान, पुढच्याच्या टोकाला दोन. एक दोनांत बसला की आरपार पिन ठोकायची. असे पॅनल जोडत जायचं, दोन भिंती करायच्या, त्यांच्यामध्ये आडवे ट्रान्झम टाकायचे, वर स्ट्रिंजर, वर लाकडी फळ्या. भार जास्त असेल तर भिंत दुहेरी, तिहेरी करायची, किंवा एकावर एक मजला चढवायचा.

पिनेच्या डोक्यावर एक खाच असते. नवा सॅपर ती बघतही नाही. पिनेच्या दुसऱ्या टोकाला एक बारीक भोक असतं, त्यात सेफ्टी पिन घालायची, नाहीतर गाड्यांच्या हादऱ्यांनी पिन हळूहळू बाहेर येते. डोक्यावरची खाच त्या भोकाच्या दिशेत कापलेली असते. खाच आडवी राहील अशी पिन ठोकली तर पलीकडे भोक हाताला सरळ सापडतं. खाच उभी राहिली तर भोक लोखंडाच्या आड जातं, आणि बोटं सोलवटली तरी सेफ्टी पिन बसत नाही. आम्हाला पूल रात्री, दिवा न लावता बांधायचा असे. त्या अंधारात अंगठा खाचेवरून फिरवायचा आणि ठोकायचं. आजही मला कोणी स्क्रू ड्रायव्हर मागितला तर अंगठा आधी स्क्रूच्या डोक्यावर जातो, बायको हसते.

पण पिन ठोकणाऱ्यांत मी फार दिवस राहिलो नाही. पूल पूर्ण आपल्याच काठावर, रोलरवर जुळवतात आणि ढकलत पलीकडे नेतात. त्याच्या पुढे नुसत्या सांगाड्याची 'नोज' जोडतात. तिच्यावर ना फळ्या ना ओझं. ती हलकी असते म्हणून पलीकडच्या काठापर्यंत पोहोचते, आणि तोवर पुलाचा तोल अलीकडच्या रोलरच्या मागे राहिला पाहिजे, नाहीतर सगळं नदीत. मागे सरकत बसणारी आठ पोरं इथे नव्हती, त्यांच्या जागी पुलाचं स्वतःचंच वजन होतं. नोज पोहोचली की तिचं काम संपतं. पूल पुढे सरकतो तशी ती सुटी करत जातात.

माझी पार्टी पलीकडे. तीन-चार जण होडीने किंवा दोराने आधी पार व्हायचो, रोलर मांडायचो, आणि वाट बघायचो. या वाट बघण्याबद्दल कोणी काही लिहिलेलं मी वाचलं नाही. मागच्या काठावर शंभर माणसं घामाघूम, हुकूम, लोखंडाचे आवाज. या काठावर तुम्ही आणि नदी. मग अंधारातून नोज येताना दिसते, नव्हे, आधी ऐकू येते. ती स्वतःच्या वजनाने पुढे झुकलेली असते, म्हणून तिच्यात आधीच लिंक घालून टोक वर उचललेलं असतं. तो हिशोब चुकला तर टोक काठात घुसतं. ते रोलरच्या दोन बोटं वरून आलं आणि अलगद टेकलं, की मला वैशाखातला तो माड आठवायचा. सुरुवातीला. नंतर काही आठवायचं नाही, फक्त रोलरचा आवाज बरोबर आहे की नाही एवढंच कळायचं.

एकदा चूक झाली, माझीच. पूर्वेकडच्या डोंगरात, पावसात, मी तेव्हा हवालदार होतो. पलीकडचा काठ अर्धा ढासळलेला होता. आम्ही तो भरून घेतला, वर बेस प्लेट ठेवली. चोपायला हवा तेवढा चोपला नाही, कारण मागून घाई होती, आणि घाईत हात आखडतो हे मलाही तेव्हाच कळलं. पूल देखणा बसला. सकाळी तिसरी लॉरी गेली आणि एक कोपरा चार बोटं खचला. आख्खा पूल पिळल्यासारखा दिसू लागला. कोणाला इजा झाली नाही. जॅक लावून पूल उचलला, भराव उकरला, पुन्हा केला, आणि पाच तास रस्ता बंद राहिला. साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "पुल तो ठीक है, हवालदार. ज़मीन किसने देखी थी?"

मला आजोबांचे ते दोन हात आठवले. मी पाण्याच्या कडेवर विश्वास ठेवला होता.

आमच्या केंद्रात रामा राघोबा राणे यांची गोष्ट प्रत्येक रंगरूटाला सांगत. कारवारकडचा माणूस, १९४० साली साधा शिपाई म्हणून भरती झालेला. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे काढत त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली, मांडीला जखम असताना, मशीनगनचा मारा चालू असताना. परमवीर चक्र जिवंतपणी मिळालेले ते पहिले. लोकांना त्यातलं शौर्य दिसतं आणि ते आहेच. मला मात्र दोन दोर दिसतात. रणगाड्याच्या पोटाखाली, दोन पट्ट्यांच्या मधे ते सरपटत होते आणि वरच्या चालकाला दोर ओढून डावं-उजवं सांगत होते. एवढ्या गदारोळात ज्याने दोराची खूण ठरवून घेतली तो माणूस कारागीर होता, असं मला वाटतं.

निवृत्त होऊन २००९ साली गावी आलो. वेळणेश्वर अनेक घराण्यांचं कुलदैवत, त्यामुळे पुण्या-मुंबईची मंडळी वर्षभर येत असतात. फौजी म्हटलं की विचारतात, "कुठल्या लढाईत होतात काका?" मी सांगतो, पूल बांधायचो. मग पुढचा प्रश्न, "कुठला पूल?" इथे माझी पंचाईत होते. दाखवण्यासारखा एकही नाही. आम्ही पूल बांधायचो, काम झालं की सोडायचो, पिना मोजून पेटीत भरायचो, एक जरी कमी भरली तरी नदीकाठ चाळायचो. जिथे पूल राहिले तिथे पुढे पक्के पूल झाले आणि आमचे काढले गेले. रस्त्याच्या माणसांना बहुधा आठवतही नसेल. मला त्याचं वाईट वाटत नाही. कधीकधी वाटतं, पण ते पाव्हण्यांना सांगण्यासारखं नाही.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना दगडी पूल पुरात गेला. त्याच्याबरोबर जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या एसटी गेल्या. आमच्या जिल्ह्याच्या गाड्या. त्या पुलावरून मी सुट्टीला किती वेळा आलो असेन. दुसऱ्या दिवशी वाडीतली माणसं माझ्या पडवीत जमली, सॅपर ना तुम्ही, सांगा कसा पडला. तिथे न गेलेल्या माणसाने काय सांगावं? मी एवढंच म्हटलं की पूल वरून बघून कळत नाही, पूर असताना पाणी खाली काय उकरतं ते पूल ज्याच्यावर उभा आहे त्यालाच ठाऊक. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला, २०१७ च्या जूनमध्ये सुरू झाला. मी त्यावरून पहिल्यांदा गेलो तेव्हा एसटीतले सगळे खिडकीकडे वळून गप्प बसले होते.

२०२४ च्या जुलैअखेर वायनाडला डोंगर कोसळला तेव्हा मी दोन दिवस टीव्हीसमोरून हललो नाही. चूरलमलाला मद्रास सॅपर्सनी १९० फुटांचा बेली पूल टाकला. मद्रासवाले म्हणजे आमचे पिढीजात स्पर्धक, पण ते जाऊ दे. १९० फूट म्हणजे लांबीत एकोणीस पॅनल. मी पडद्यावर मोजत होतो. त्या पुलावर उभ्या असलेल्या मेजर सीता शेळके पारनेर तालुक्यातल्या. माझ्या वेळी सॅपर्सच्या साइटवर बाईमाणूस मला कधी दिसलं नाही. सगळे त्यांच्याकडे बघत होते. कॅमेरा एकदा ओझरता पलीकडच्या काठावर गेला. तिथे दोघे जण गुडघ्यावर बसून काहीतरी चाचपत होते. मी नातवाला म्हटलं, त्यांना बघ. तोवर दृश्य बदललं होतं.

आमच्या वहाळावर आता सिमेंटचा साकव आहे. सरकारी कागदावरही त्याला साकवच म्हणतात, याचा मला उगाच आनंद होतो. स्लॅब चांगला जाड आहे, कठडे आहेत, स्कूटर जाते. ठेकेदाराने तो बरोबर पाण्याच्या कडेला टेकवला. पैसे वाचले असतील. गावात आता इंजिनिअरिंगचं कॉलेज आहे. तिथली दोन पोरं समुद्रावर जाताना पडवीत डोकावली, तर मी त्यांना वहाळावर घेऊन गेलो. आजोबांच्या हातचे चिरे अजून आहेत, नव्या साकवापासून दोन हात मागे, शेवाळलेले, जागचे न हललेले. एकाने विचारलं, "काका, एवढं मागे का बांधलं? स्पॅन वाढतो ना." मी म्हटलं, जुलैत ये.

तो खरंच आला. भर पावसात छत्री सांभाळत उभा राहिला. पाणी स्लॅबच्या खूप खाली होतं, पण काठावरची माती मागून पोखरत होतं आणि नव्या भिंतीच्या पाठीशी हातभर पोकळी झाली होती. तो वाकून बघत राहिला, मग त्याने छत्री मिटून त्या पोकळीत घातली. मुठीपर्यंत गेली.

या वैशाखात तो आणखी चौघांना घेऊन आला. वाडीतले तिघे मिळाले. बाकीचे मुंबईत. दोन दिवस आम्ही फक्त माती काढली, कातळ लागेपर्यंत. तिसऱ्या दिवशी चिरे बसवायला घेतले आणि पोरं म्हणू लागली, एवढं कशाला चोपायचं, काका, दिसतंय ना घट्ट. मी पहार त्यांच्या हातात दिली आणि माडाच्या सावलीत बसलो.